कडीची सुरी

शॉमबर्ग, ९ सप्टेंबर २०२४

श्री. निहार आष्टेकर यांस,

एका गिऱ्हाइकाचा नमस्कार.

आपल्या दुकानाची वेबसाइट पाहिली. तळाशी लिहिलंय की आलेल्या प्रत्येक चौकशीला आपण स्वतः उत्तर देता. फोन आपण उचलत नाही आणि ईमेल उघडत नाही, हे मला साडेतीन वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून ही चौकशी कागदावर करतो आहे. कागद निदान पेटीत पडतो, आणि पेटी कधीतरी उघडावीच लागते.

मला एक घडीची सुरी हवी आहे, रोज खिशात बाळगायला. ‘करांबिट’ म्हणतात त्या जातीची. पातं विळ्यासारखं वाकडं आणि मुठीच्या शेवटी बोट अडकवायची कडी. सुऱ्या घडवणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही, पण चौकशी पुरी असावी अशी मला नोकरीपासूनची खोड आहे. पातं अडीच इंचांच्या आत असावं. एका हाताने उघडता आली पाहिजे, दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागता कामा नये. कडी ऐसपैस हवी, कारण माझ्या तर्जनीचं मधलं पेर आता फुगलेलं आहे. आणि वजन कमी, नाहीतर पँट खाली ओढली जाते.

कशासाठी, असं आपण विचाराल. खोकी उघडायला. माझी मुलगी अनया बेलव्ह्यूला असते. मी दुकानात जाऊ नये अशी तिची इच्छा आहे, म्हणून तांदूळ, तेल, दाढीचा साबण आणि लोकरीचे मोजे ती तिथून खोक्यांनी पाठवते. मी सांगलीत आणि इथे अमेरिकेत मिळून चौतीस वर्षं खोकी चिकटवणारी यंत्रं डिझाइन केली. खोकं ट्रकमध्ये उघडलं तर माझी मान खाली जायची. आता माझीच चिकटपट्टी मला उघडत नाही. केलेलं इथेच फेडावं लागतं म्हणतात ते खरं असावं.

पंडितला फोटो दाखवला. तो आपल्याला आठवत असेल, रिटायर्ड डेंटिस्ट, सकाळी मॉलमध्ये माझ्याबरोबर चालतो. फोटो बघून म्हणाला, ‘आष्टेकर, हे तर वाघनख. कोणाची गळाभेट घ्यायला निघालास?’ त्याचे विनोद अजून तसेच आहेत.

आपण अशी सुरी करून देता का, आणि देत नसाल तर कोणती घ्यावी, एवढं कळवावं.

आपला,
प्रताप आष्टेकर

ता. क. आपल्याला मराठी वाचता येतं असं धरून चाललो आहे. सांगलीत चौथीपर्यंत शिकला आहात.


शॉमबर्ग, ३० सप्टेंबर २०२४

चि. निहार,

‘डिअर कस्टमर’ असं लिहून तू उत्तर पाठवलंस. नाटक दोघांनीही एकेकदा करून झालं, आता मी ‘आपण’ सोडतो. तीन वाक्यं होती. आम्ही घडीच्या सुऱ्या करत नाही. करांबिट हे रोजच्या कामाचं हत्यार नव्हे. साधा बॉक्स-कटर घ्या. खाली सहीसुद्धा पूर्ण नावाची. तरी तो कागद मी आठ दिवस खिशात घालून मॉलमध्ये चाललो, हे तुला सांगायला हरकत नाही. साडेतीन वर्षांत घरात आलेली तुझी पहिली ओळ होती ती.

तुझं म्हणणं इंजिनिअर म्हणून मला पटतं. वाकडं पातं ओढून कापायला बरं, दाबून कापायला कुचकामी. तरीही मला करांबिटच हवी आहे. म्हातारा हट्टाला पेटलाय असं समज.

म्हणून इथल्या दुकानात गेलो. डेल नावाचा दाढीवाला माणूस काउंटरवर असतो. त्याने आधी विचारलं की स्वसंरक्षणासाठी का. मी म्हणालो, माझ्याकडून कोणी काही न्यावं असं आता उरलेलं नाही. तो हसला आणि त्याने तीन सुऱ्या काढल्या. पहिलीचा खटका दाब दिला की निसटत होता. अशी सुरी कापता कापता बोटांवर मिटते. दुसरीची कडी माझ्या पेराशी अडली. तिसरीला पात्याच्या पाठीवर एक छोटा आकडा आहे. खिशातून ओढताना तो कापडाला अडकतो आणि पातं आपोआप उघडतं. कल्पना हुशार आहे. ज्याने केली त्याला मी नोकरी दिली असती.

डेलने सुरी माझ्या हातात द्यायला पुढे केली आणि मी हात मागे घेतला. तो गोंधळला. मी त्याला म्हणालो, काचेवर ठेव, मी उचलतो. तुझ्या आईचं वळण. सुरी, कात्री, विळी हातातून हातात द्यायची नाही, भांडण होतं. खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची. अनया तिला चिडवायची, की आई, धारेला काय माहीत कोणी कोणाला दिलं. शरयू म्हणायची, धारेला नसेल, माणसांना असतं.

तू तुझी पहिली सुरी घेऊन आलास तेव्हा तुला ते वळण आठवलं होतं. २०१९ साल, तू स्टेट कॉलेज गावी पीएच.डी. सोडून एक वर्ष झालं होतं आणि कोणाचं तरी गॅरेज भाड्याने घेऊन भट्टी लावली होतीस. ती सुरी तू ओट्यावर ठेवलीस, मूठ माझ्या बाजूला करून, आणि एक पाऊल मागे सरकलास. मी पेपर वाचत होतो. निदान तुला तसं वाटलं असेल. मी एक अक्षरही वाचत नव्हतो. पोराने पाच वर्षं धातुशास्त्र शिकावं आणि शेवटी गल्लीतल्या धारवाल्याचं काम करावं, याचा राग पेपरात तोंड घालून गिळत होतो. मी काही ती उचलली नाही. भाजी चिरायची सुरी आहे ना, मग यांना कशाला देतोस, असं म्हणून शरयूनेच उचलली.

जाऊ दे. जुनी मढी कशाला उकरायची.

अक्षर वेडंवाकडं आलंय, टेबल डुगडुगतं. मी तिसरी घेतली.

बाबा


शॉमबर्ग, १० नोव्हेंबर २०२४

चि. निहार,

हे पत्र फोनला बोलून लिहितो आहे आणि मग छापणार. पेनं सगळी वाळली आहेत. फोनला माझी मराठी कळते, पण मधूनच तो ‘सुरी’चं ‘सॉरी’ करतो. दुरुस्त करता करता नाकी नऊ येतात. आकड्याच्या सुरीने माझ्या दोन पँटींचे खिसे फाडले, त्यामुळे पंडित मला आता अफझलखानाचा शिंपी म्हणतो.

काल मंडळाची दिवाळी होती. दर वर्षीप्रमाणे शाळेच्या सभागृहात. मी फराळाच्या टेबलाशी उभा होतो. काजूकतलीची मोठी खोकी आली होती, सुतळीने घट्ट बांधलेली, आणि अपर्णा, जी यंदाची सेक्रेटरी आहे, दातांनी गाठ सोडवत होती. मला वाटलं आपला उपयोग होतोय तर करावा. मी खिशात हात घातला आणि सुरी ओढली. कटकन पातं उघडलं. सुतळी तुटली, एका झटक्यात, सुंदर तुटली. मग लक्षात आलं की भोवतालचं बोलणं थांबलंय.

पंडितची नात अनुष्का तेवढी खूश. ‘ओह माय गॉड, आजोबा, तुमच्याकडे रिअल करांबिट आहे!’ ती ज्या व्हिडिओ गेममध्ये डोकं घालून बसते, त्यात म्हणे ही सुरी सगळ्यात भारी. बाकीच्या आयांनी पोरं जवळ ओढली. अपर्णा मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, ‘काका, प्लीज, ही गाडीत ठेवून या ना. स्कूल प्रॉपर्टी आहे. कोणी रिपोर्ट केलं तर आपलं बुकिंग कॅन्सल होईल, आणि पोलीस येतील ते वेगळेच.’ ती बरोबर होती. दारावर हत्यारबंदीची पाटी आहे, वीस वर्षं मी त्या दारातून जातो आहे. शाळेत सुरी घेऊन गेलेला म्हातारा म्हणून आता माझी ओळख. मी गाडीत सुरी ठेवली आणि परत आत न जाता घरी आलो. फराळानंतरचं नाटक चुकलं. चांगलं झालं म्हणतात.

आज सकाळी अनयाचा फोन. बातमी बेलव्ह्यूला माझ्याआधी पोचली होती. ‘बाबा, आर यू स्केअर्ड ऑफ समवन? घरी कोणी येतं का? तुम्ही विसरता का हल्ली?’ अशी तिची उलटतपासणी झाली. मी नाही, नाही, नाही म्हणालो. तिला वाटतं मला वेड लागायला सुरुवात झाली आहे. जानेवारीत घर विकून तिच्याकडे यायचं, असं तिने जवळजवळ ठरवूनच टाकलंय. चांगली मुलगी आहे. तिच्या चांगुलपणाखाली माणूस गुदमरतो.

तुझं पोस्टकार्ड शुक्रवारी आलं. दोन शब्द. कडी कशाला? प्रश्न बरोबर विचारलास. फॅशन म्हणून, समज.

बाबा


शॉमबर्ग, १९ नोव्हेंबर २०२४

चि. निहार,

दुसरं पोस्टकार्ड आलं. तेच दोन शब्द, खाली रेघ ओढून. तू लहानपणीही असाच होतास. उत्तर मिळालं नाही की तोच प्रश्न पुन्हा, आवाज न चढवता.

कडीचे फायदे अनेक. हात ओला असला तरी मूठ घसरत नाही. बोट कडीत ठेवून तळहात मोकळा सोडता येतो, त्यामुळे सुरी खाली न ठेवता खोकं धरता येतं. पकड बदलताना वजनाचा मध्य

२० नोव्हेंबर

काल इथवर बोललो आणि फोन ठेवला. आज पुन्हा वाचलं तर एखाद्या कंपनीचं माहितीपत्रक वाटलं. तू सुऱ्या घडवतोस, तुला कडी कशाला हे मी सांगायला नको आहे. तुला माझ्या तोंडून ऐकायचंय. तर ऐक.

माझ्या उजव्या हातातून वस्तू पडतात. मार्चपासून. आधी किल्ल्या, मग पेन, मग चहाचा कप. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आहेत, पण त्यांच्यात जीव नाही. टेबल डुगडुगत नाही आणि पेनंही वाळलेली नाहीत. डॉक्टर म्हणतात मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दाबला गेलाय. दहा डिसेंबरला ऑपरेशन आहे. त्याने आहे तिथे थांबेल; गेलेलं परत येईल असं धरू नका, असं त्यांनी साफ सांगितलंय. अनयाला यातलं काही माहीत नाही. कळलं असतं तर जानेवारीपर्यंतही थांबली नसती.

कडीत बोट असलं की हात विसरला तरी सुरी पडत नाही. एवढंच कारण. कोणाची गळाभेट घ्यायची नव्हती.

आता दुसरं. हे सांगायचं मी पहिल्या पत्रापासून टाळतो आहे.

आठ ऑगस्टला मी दुधी चिरत होतो. सुरी हातात होती आणि मग नव्हती. बोटांनी ती सोडली हे मला कळलंसुद्धा नाही. टोक आधी टाइलवर आपटलं आणि अर्ध्या इंचाचा तुकडा उडून फ्रिजखाली गेला. बाकीची सुरी माझ्या डाव्या पायावर. चार टाके पडले. पंडितला सांगितलं की काचेचा ग्लास फुटला.

ती सुरी तुझी होती, निहार. आईची.

मार्च २०२१ मध्ये, तिचे दिवस झाल्यावर, तू निघताना म्हणालास, आईची सुरी मला द्या. मी म्हणालो, टाकली. तू विचारलंस, कुठे. मी म्हणालो, तिच्या इतर भांड्यांबरोबर डोनेशनच्या खोक्यात. इतकं तपशीलवार खोटं मी उभ्या आयुष्यात बोललो नव्हतो. ती तेव्हा तुझ्या कमरेपासून दोन फुटांवर होती, ओट्याखालच्या दुसऱ्या खणात, पोळपाटाच्या मागे. तू बॅग उचललीस आणि गेलास.

का केलं, याचं मी पुष्कळदा उत्तर शोधलंय. जे सापडलं ते चांगलं नाही. शेवटच्या दोन महिन्यांत तू रोज तिच्या उशाशी बसायचास, आणि ती येईल त्या नर्सला सांगायची की माझ्या मुलाने मला सुरी करून दिली. पोटात पाण्याचा घोट राहत नव्हता, तरी हे सांगायची. माझ्या यंत्रांनी चिकटवलेली खोकी अर्ध्या अमेरिकेत फिरतात, त्याबद्दल ती कधी कोणाला काही बोलली नाही. मला तुझा हेवा वाटला. ती गेल्यावर तू तिची वस्तू मागितलीस तेव्हा मला वाटलं, आता हेही नेणार.

दुसऱ्या दिवशी खरं सांगायला फोन केला. तू उचलला नाहीस. मशीनवर बोलून ठेवायचा धीर झाला नाही. मग महिना गेला, मग वर्ष, आणि खोटं जितकं जुनं होतं तितकं ते मागे घेणं अवघड होत जातं. ती मोडेपर्यंत मी तिनेच भाजी चिरत होतो. दर रविवारी दगडावर धार लावली, तुझ्या वेबसाइटवर दाखवली आहेस तशी, पंधरा अंश धरून. तुझा तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते विचारू नकोस.

ती मोडल्यावर तुलाच सांगायला हवं होतं. पण दुरुस्त करून दे म्हणायचं तर ती आहे हे आधी कबूल करायला हवं. म्हणून गिऱ्हाईक झालो. म्हणून करांबिट. तुला लिहायला काहीतरी निमित्त हवं होतं, आणि कडीची गरज खरीच होती.

दवाखान्याच्या फॉर्मवर एक ओळ रिकामी आहे, सोबत कोण येणार याची. पंडित म्हणतो मी येतो. त्याला पुढची गाडी दिसत नाही. तू यावंस असं मी म्हणत नाही. तुझ्या तिथून दहा तासांचा रस्ता आहे आणि दिवस बर्फाचे.

दमलोय रे. हाताने नाही दमलो, लपवून दमलोय.

बाबा


शॉमबर्ग, १२ जानेवारी २०२५

चि. निहार,

हे पत्र हाताने लिहितो आहे, डाव्या. चार दिवस लागले. अक्षर पहिलीतल्या पोराचं आहे, पण फोन ‘सुरी’चं ‘सॉरी’ करतो तसं याच्यात होत नाही. जे लिहीन ते मीच लिहिलेलं असेल.

मानेची जखम भरली. उजवा हात होता तिथेच आहे. डॉक्टर यालाच यश म्हणतात. ऑपरेशनचं कळल्यावर आलेली अनया अजून इथेच आहे, वीस तारखेपर्यंत. घर विकायचं सध्या बोलत नाही. तू तिला काय सांगितलंस ते मला ठाऊक नाही. ती एवढंच म्हणाली की निहार म्हणतो, त्यांना त्यांच्या ओट्यापाशी राहू दे.

तू इथे असताना आपण फारसं बोललो नाही. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी दुपारी तू दारात उभा राहिलास, आत आलास, आणि पहिलं वाक्य म्हणालास, ‘सुरी कुठे आहे?’ मी दुसरा खण उघडला. पोळपाटाच्या मागून तू ती काढलीस आणि मोडलेल्या टोकावर अंगठा फिरवत कितीतरी वेळ तसाच बसलास, जमिनीवर. मला शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. एक रात्र राहिलास, मी केलेलं पिठलं निमूट खाल्लंस, आणि सकाळी सुरी घेऊन गेलास. मला वाटलं, घेऊन गेला तो गेला. तुझीच होती. हक्कच होता. फॉर्मवर मी पंडितचं नाव लिहिलं.

त्यानंतर आठ डिसेंबरच्या संध्याकाळचं. तू तिथे होतास, मग पुन्हा कशाला सांगतो असं वाटेल. पण तू जे पाहिलंस ते तू बाहेरून पाहिलंस.

तू अंगातला कोट न काढता थेट ओट्यापाशी गेलास. फडक्यात गुंडाळलेली सुरी उलगडलीस आणि ओट्यावर ठेवलीस, मूठ माझ्या बाजूला. मग एक पाऊल मागे सरकलास. तेव्हाच मला कळलं की तू मुद्दाम तसं करतोयस. तोच ओटा, तीच सुरी, तेवढंच अंतर.

मी पाहिलं. टोक नवीन काढलंस, पातं बोटभर आखूड झालंय. आणि कडी. मुठीच्या शेवटी नाही, पुढे, पात्याच्या मागे, जिथे तर्जनी येते. चिरताना भार तिथेच पडतो. मला हे सुचायला हवं होतं आणि सुचलं नव्हतं. मी मुठीच्या टोकाला असलेल्या कडीच्या मागे लागून दोन पँटी फाडल्या. इतकं चांगलं काम मी आमच्या ऑफिसात फार कमी पाहिलं. हे तोंडाने म्हणायला हवं होतं.

मी हात पुढे केला. बोटं मुठीवरून सरकली. ओटा गुळगुळीत, सुरी सपाट, आणि खाली बोट घालायला फट नाही. पुन्हा केला, पुन्हा सरकली. मग मी हात मागे घेतला आणि स्वेटरच्या खिशात घातला.

वस्तू माझ्या हातातून पडतात हे मी तुला लिहिलं होतं. नोव्हेंबरअखेर मला सपाट जागेवरून काही उचलताही येईनासं झालं, हे लिहिलं नव्हतं. तेवढं एक मी राखून ठेवलं होतं. का, ते माहीत नाही. सवय.

तुला वाटलं, मी याही वेळी उचलत नाही. मी तुझा चेहरा पाहिला, निहार. तो २०१९ चा चेहरा होता. तेव्हा मी पेपरात होतो म्हणून मला दिसला नव्हता. कोटाची चेन वर ओढलीस. दहा तास गाडी चालवून आलेला माणूस परत दहा तास चालवायला निघाला आहे, हे मला दिसत होतं, आणि ‘मला उचलता येत नाही’ हे चार शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हते. जन्मभर मशीनचं काय बिघडलंय ते लोकांना सांगत आलो. स्वतःचं सांगता येईना.

म्हणून मी हात खिशातून काढला आणि तुझ्यासमोर तिसऱ्यांदा प्रयत्न केला. सुरी नुसतीच ढकलली गेली आणि शेगडीच्या कडेला जाऊन थांबली. मी तिच्यामागे गेलो. पुन्हा. माझी बोटं तुला तेव्हा नीट दिसली असावीत.

तू परत फिरलास आणि सुरी उचललीस. माझा हात धरून तळवा उघडलास. कडीत माझी तर्जनी तूच सरकवलीस आणि बाकीची बोटं एकेक करून मुठीवर मिटलीस, तुझी आई लहानपणी तुझी बोटं खडूवर मिटायची तशी.

मी म्हणालो, ‘हातात देऊ नकोस रे. भांडण होतं.’

तू म्हणालास, ‘बाबा, ते करून झालंय.’

तेव्हा मला तुझी माफी मागायची होती. मी म्हणालो, जेवायला काय करू. तू म्हणालास, भात टाका. मी बटाटा चिरला, तू बघत होतास, तुकडे जाड झाले आणि सुरी पडली नाही. दहा तारखेला तूच मला गाडीतून नेलंस. फॉर्मवरचं पंडितचं नाव खोडून तिथल्या बाईने तुझं लिहिलं आणि नातं विचारलं, तेव्हा तू मराठीत ‘मुलगा’ म्हणालास आणि मग लाजून इंग्रजीत सांगितलंस. हे सगळं मी पाहिलंय, फक्त बोललो नाही.

म्हणून आता लिहितो. सुरी टाकली असं मी खोटं सांगितलं. तू ओट्यावर ठेवलेली सुरी मी उचलली नाही, तेव्हा उचलता येत होती. या दोन्हीबद्दल मला माफ कर. तुझ्या कामाला मी धारवाल्याचं काम म्हणालो होतो. धारवाल्याचं काम काय असतं ते मला आता कळलं.

करांबिट मी ठेवून घेतली आहे. खोक्यांना ती बरी पडते. अगदीच चुकीचं हत्यार नाही, एवढं मान्य कर.

तुझी सुरी रोज लागते. सकाळी अनया ती धुऊन, पुसून, आईच्या वळणाने ओट्यावर माझ्यापुढे ठेवते. मी उचलत नाही. ती चिडते, म्हणते, बाबा, घ्या ना, भाजी तशीच पडलीय. मी हात पुढे करून उभा राहतो आणि तिला सांगतो, खाली ठेवू नकोस, हातात दे.

बाबा